क्रोएशियाच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करायचा? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुक्काम शोधताना बहुतेक जण आधी फोटो बघतात, मग भाडं, आणि घर नेमकं कुठे आहे ते सगळ्यात शेवटी. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर हा क्रम महागात पडतो. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरलेला आहे, गावं उतारावर वसलेली आहेत आणि अर्धी चांगली ठिकाणं बेटांवर आहेत. त्यामुळे घर कितीही देखणं असलं तरी खरे प्रश्न दोनच: बॅगा घेऊन तिथवर पोहोचायचं कसं, आणि तिथून पाण्यापर्यंत रोज चालत जाता येईल का. पुढची सगळी खटपट या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी आहे.

हा लेख मुख्यतः दाल्माशियाबद्दल आहे, म्हणजे झादरपासून स्प्लिटमार्गे डुब्रोव्निकपर्यंतचा किनारा आणि समोरची बेटं. उत्तरेकडचा इस्त्रिया हा भागही सुंदर आहे, पण इटली किंवा स्लोव्हेनिया जोडून करणाऱ्यांना तो जास्त सोयीचा.

१. आधी महिना, मग गाव

आपल्याकडच्या सुट्ट्या आणि तिथला समुद्र यांचं वेळापत्रक जुळत नाही. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, पण तेव्हा दाल्माशियात पाणी जेमतेम १७ ते १९ अंश असतं. कोकणातल्या २८ अंशांच्या पाण्याची सवय असलेल्या मुलांना त्यात पाच मिनिटंही थांबवत नाही. मे महिन्यातच जायचं असेल तर समुद्राजवळच्या घरासाठी जादा पैसे मोजू नका. स्प्लिट, झादर किंवा डुब्रोव्निकच्या जुन्या शहराजवळ राहा आणि फिरण्यावर भर द्या.

जूनच्या मध्यापासून पाणी २१-२२ अंशांवर येतं, जुलै-ऑगस्टमध्ये २४ ते २६, आणि सप्टेंबरात अजून २२-२३ असतं. पोहायचं असेल आणि तारखा हातात असतील तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळा मध्य युरोप आणि इटली तिथे उतरलेली असते. १५ ऑगस्टला तिथेही सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या आठवड्यात दर सर्वात चढे असतात. शिवाय या काळात बरीच घरं फक्त शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. तीन रात्रींसाठी कोणी दिलं तरी भाड्यावर अधिभार लागतो, अनेकदा ३० टक्के.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर सावध राहा. ऑक्टोबरच्या अखेरीस बेटांवरची बरीच घरं आणि खानावळी बंद झालेल्या असतात आणि बोटी हिवाळी वेळापत्रकावर गेलेल्या असतात. तेव्हा बेटाचा हट्ट सोडून मोठ्या शहरात राहणं शहाणपणाचं.

२. पुळण शोधू नका, सावली शोधा

गुहागर-गणपतीपुळ्यासारखी लांबच लांब वाळू डोळ्यासमोर ठेवून गेलात तर पहिल्या दिवशी हिरमोड होईल. इथले किनारे गोट्यांचे, खडकांचे, नाहीतर सरळ काँक्रीटचे ओटे आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी. पाणी इतकं नितळ दिसतं त्याला हेही एक कारण आहे, गढूळ व्हायला तळाशी माती-वाळूच नसते. ब्राच बेटावरच्या बोल गावाचा झ्लात्नी रात हा किनारा फोटोत सोनेरी वाळूचा वाटतो. तोही बारीक गोट्यांचाच आहे, आणि त्याचं टोक वारा-प्रवाहाप्रमाणे दिशा बदलतं.

लहान मुलांसाठी खरोखर वाळू आणि उथळ पाणी हवंच असेल तर पर्याय मोजके आहेत: झादरजवळचं निन, राब बेटावरचं लोपार, कोर्चुला बेटावरचं लुंबार्दा, म्ल्येत बेटाच्या टोकाचं सापलुनारा, आणि स्प्लिट शहरातला बाचव्हित्से. यांतलं निन पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात सोपं. तिथे बोट लागत नाही, झादरचा विमानतळ जवळ आहे आणि पाणी बरंच आतपर्यंत गुडघाभरच राहतं. मात्र उथळ खाजणाचा भाग असल्याने संध्याकाळी डास असतात.

गोट्यांच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी लागतात. पहिली, रबरी तळाचे पाण्यातले बूट. खडकांवर समुद्री साळू (सी-अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे जीव) चिकटलेले असतात आणि त्यांचा काटा तळपायात मोडला की दोन दिवस लंगडावं लागतं. हे बूट तिथे प्रत्येक गावात मिळतात. दुसरी, सावली. जुलैत दुपारी तापलेल्या गोट्यांवर बसवत नाही. पाण्यापर्यंत पाइनची झाडं आलेली असतील तो किनारा सोन्यासारखा. मकारस्का पट्ट्यातलं ब्रेला गाव यासाठीच लोकांना आवडतं. घर निवडताना उपग्रह नकाशावर जवळच्या किनाऱ्यामागे हिरवं दिसतंय का पांढरं, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

किनारा कायद्याने सार्वजनिक असतो. हॉटेलसमोर टॉवेल टाकून बसायला हरकत नाही, भाडं लागतं ते खुर्ची आणि छत्रीचं. म्हणून ‘खासगी बीच’ या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

३. बेट की मुख्य भूमी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

बोटी दोन प्रकारच्या असतात. मोठी फेरी गाड्या आणि माणसं दोन्ही नेते, संथ असते, आणि पायी जाणाऱ्याला तिच्यावर सहसा जागा मिळतेच. दुसरी कॅटामरान. ती वेगवान, फक्त माणसांसाठी, आसनं मर्यादित, आणि हंगामात तिकिटं संपतात. ‘ह्वार बेटाची बोट पकडू’ एवढंच ठरवलंत तर फसाल, कारण दोन्ही बोटी वेगवेगळ्या गावांना लागतात. स्प्लिटहून सुटणारी फेरी सुमारे दोन तासांनी स्तारी ग्राद गावाला लागते. ह्वार शहर तिथून साधारण २० किलोमीटरवर. ह्वार शहरात थेट उतरायचं तर कॅटामरान, साधारण एक तास. कोर्चुलाचंही तेच: स्प्लिटची फेरी बेटाच्या पश्चिम टोकाला व्हेला लुकाला जाते आणि ज्याचे फोटो आपण पाहिलेले असतात ते कोर्चुला शहर पार दुसऱ्या टोकाला असतं. त्या शहरात जायला पेल्येशात्स द्वीपकल्पावरच्या ओरेबिचहून निघणारी छोटी फेरी सोपी, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. ब्राचची फेरी सुपेतारला लागते, ५० मिनिटांत, पण बोल आहे डोंगरापलीकडे दक्षिणेला. थोडक्यात, घर बुक करण्यापूर्वी ‘कोणतं बेट’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बंदरात उतरणार आणि तिथून शेवटची बस किती वाजता, हेही बघा.

आता वारा. बुरा हा ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा, झोताझोताने वाहणारा वारा, आणि युगो आग्नेयेकडून येणारा दमट वारा, जो मोठ्या लाटा आणतो. दोन्हींत आधी कॅटामरान रद्द होतात, फार झालं तर फेरीसुद्धा. उन्हाळ्यात हे कमी घडतं, पण घडतं. म्हणून एक नियम पक्का ठेवा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहायचं नाही. पहाटेची बोट पकडून दुपारचं विमान गाठण्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण बोट रद्द झाली तर विमान कंपनी तिकिटाचे पैसे देत नाही. जातानाही तसंच. मुंबईहून थेट विमान नाही, इस्तंबूल, दुबई किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदलून जावं लागतं. एवढ्या प्रवासानंतर, विमान उशिरा आलं तर बोट चुकणार या धास्तीत उतरण्यापेक्षा पहिली रात्र शहरातच काढा.

कोणी बेटावर राहू नये? सोबत आजारी किंवा फार वयस्कर माणूस असेल त्यांनी. बेटांवर दवाखाने असतात, पण मोठं रुग्णालय स्प्लिट, झादर किंवा डुब्रोव्निकसारख्या शहरातच. तसंच एकूण रात्री पाचपेक्षा कमी असतील तर बेटाच्या नादी न लागलेलं बरं. बंदरावर थांबण्यात आणि बॅगा उचलण्यात दोन दिवस जातात.

आठ-दहा रात्री असतील तर दोनच मुक्काम करा: एक शहर, एक बेट किंवा किनाऱ्यावरचं लहान गाव. लोक झादर, स्प्लिट, ह्वार, कोर्चुला, डुब्रोव्निक असे पाच मुक्काम लावतात आणि प्रत्येक ठिकाणी सकाळी दहाला घर सोडून दुपारी तीनपर्यंत बॅगांसकट सावली शोधत फिरतात.

बेट निवडताना स्वभाव बघा. रात्री उशिरापर्यंत संगीत आणि गर्दी आवडत असेल तर ह्वार शहर. तेच बेट पण शांतता हवी तर स्तारी ग्राद किंवा येल्सा. ब्राच हे स्प्लिटला सगळ्यात सोयीचं, हंगामात फेऱ्याही भरपूर. कोर्चुलात जुनं शहर, द्राक्षमळे आणि पोहणं तिन्ही मिळतं, आमच्या मते पहिल्या खेपेला हेच उत्तम. व्हिस लांब आहे, सव्वादोन तासांच्या आसपास, पण एकदा पोहोचलात की निघावंसं वाटत नाही.

४. गावातला नेमका कोणता भाग

स्प्लिट. इथे बस स्थानक, रेल्वे स्थानक आणि फेरीचा धक्का एकमेकांना लागून आहेत. बेटावर जाण्याआधीच्या किंवा नंतरच्या एका रात्रीसाठी या तिघांपासून दहा मिनिटांत चालत पोहोचता येईल असं घर घ्या. इसवी सन ३०५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत आज लोक राहतात आणि घरं भाड्यानेही देतात. तिथे एक रात्र राहणं मजेचं, पण खिडकीखाली बार असतो, गाडी आत येत नाही आणि जिने अरुंद. व्हारोश हा टेकडीच्या पायथ्याचा दगडी घरांचा भाग शांत आणि सुंदर आहे, मात्र गल्ल्या पायऱ्यांच्या, चाकाच्या बॅगा उचलूनच न्याव्या लागतात. मुलांसह चार रात्री राहायचं तर बाचव्हित्से किंवा फिरुले. वाळूचा किनारा जवळ, जुनं शहर पंधरा-वीस मिनिटं पायी. विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर, त्रोगिरच्या बाजूला आहे. पहाटेचं विमान असेल तर शेवटची रात्र त्रोगिरला काढणं जास्त सोपं.

डुब्रोव्निक. तटबंदीच्या आत राहायचं की बाहेर, हा नेहमीचा प्रश्न. आत राहण्याचा फायदा सकाळी आठच्या आधी आणि क्रूझ जहाजांचे प्रवासी परतल्यावर मिळतो. तेव्हा स्त्रादुन हा मुख्य रस्ता जवळजवळ तुमचाच असतो. तोटे असे: गाडी नाही, लिफ्ट नाही, आणि स्त्रादुनच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने. आई-वडील सोबत असतील तर लापाद किंवा बाबिन कुक निवडा. तिथे पोहायला खाडी आहे, झाडं आहेत आणि शहराची बस जुन्या शहराच्या पिले दरवाज्यापर्यंत सोडते. ग्रुझ हा बंदराचा भाग, दिसायला साधा, पण बोटी, बस स्थानक आणि सकाळची भाजी मंडई तिथेच. प्लोचे भागातून समुद्राचं दृश्य सगळ्यात देखणं आणि दरही तसेच. शिवाय रस्त्यापासून घरापर्यंत शंभर-दीडशे पायऱ्या असणं तिथे नवलाचं नाही. याहून शांत हवं तर विमानतळाजवळचं त्साव्हतात बघा, तिथून डुब्रोव्निकला बस आणि बोट दोन्ही मिळतात. डुब्रोव्निकला रेल्वे जात नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

झादर. जुनं शहर एका छोट्या द्वीपकल्पावर आहे. समुद्राच्या लाटांनी वाजणारं ऑर्गन (२००५) इथेच. पोहण्यासाठी बोरिक-दिक्लो भाग. गाड्यांच्या फेऱ्या शहराबाहेरच्या गाझेनित्सा बंदरातून सुटतात आणि कॅटामरान जुन्या शहराजवळून. तिकिटावर नीट बघून घ्या.

मकारस्का पट्टा. ब्रेला, बाश्का व्होडा, मकारस्का, तुचेपी, पोडगोरा ही गावं १,७६२ मीटर उंच बियोकोव्हो डोंगराच्या पायथ्याशी ओळीने बसली आहेत. डोंगर पूर्वेला असल्याने सकाळी ऊन उशिरा येतं आणि संध्याकाळ लांबते. बोटीच्या भानगडीत न पडता ‘समुद्र, झाडं, अपार्टमेंट’ एवढंच हवं असणाऱ्यांना हा पट्टा सर्वात सोपा. सापळा एकच, तो पुढच्या मुद्द्यात.

५. जाहिरात वाचायला शिका

*‘समुद्रापासून ८० मीटर’.* हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं असतं. मकारस्का पट्ट्यात किनाऱ्याला समांतर एक मोठा महामार्ग जातो, स्थानिक लोक त्याला माजिस्त्राला म्हणतात. घर या रस्त्याच्या वर असेल तर ८० मीटरचा अर्थ असा होतो: आधी घराच्या पायऱ्या, मग भरधाव गाड्यांचा रस्ता ओलांडणं, मग पुन्हा उतार. जाताना बरं वाटतं. दुपारी दोन वाजता ओले टॉवेल, छत्री आणि रडणारं मूल घेऊन वर चढताना कळतं. नकाशावर उंचीच्या रेषा सुरू करा आणि रस्त्यावरचे फोटो असतील तर घरापासून किनाऱ्यापर्यंत बोटाने एकदा चालून बघा. मालकाला प्रश्न मीटरमध्ये विचारूच नका. ‘पायऱ्या किती?’ आणि ‘मोठा रस्ता ओलांडावा लागतो का?’ असं विचारा.

*‘ए ४+२’.* म्हणजे चार जणांसाठी खरे पलंग आणि दोघांसाठी बैठकीच्या खोलीतला उघडणारा सोफा. सहा मोठ्या माणसांचं कुटुंब अशा घरात दाटीवाटीने राहतं आणि सोफ्यावर झोपणाऱ्याची पाठ धरते. सहा जणांना ‘ए ६’ शोधा. ‘एसए’ असेल तर तो स्टुडिओ, म्हणजे झोपायला, जेवायला आणि स्वयंपाकाला एकच खोली.

*मजला.* ‘पोत्क्रोव्ल्ये’ म्हणजे छपराखालचा मजला. दृश्य छान, ऑगस्टमध्ये भट्टी. चार मजली इमारतींतही अनेकदा लिफ्ट नसते.

*एसी.* आहे का, एवढंच विचारून भागत नाही. प्रत्येक शयनगृहात आहे की फक्त बैठकीत एक आहे? आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? काही जुन्या घरमालकांकडे अजूनही दिवसाचा वेगळा आकार असतो.

*गरम पाणी.* बऱ्याच घरांत ५० ते ८० लिटरचा बॉयलर असतो. एकामागोमाग चार आंघोळी झाल्या की पाचव्याला थंड पाणी. त्यात घरमालकाचा दोष नाही, तासभर थांबायचं. काही बेटांवरच्या एकाकी घरांत नळाचं पाणी नसून पावसाच्या टाकीचं असतं, तिथे ‘सार्वजनिक नळजोड आहे का’ हे आधी विचारून घ्या. एरवी नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

*तारे.* अपार्टमेंटला मिळणारे तारे सोयींचे असतात, जागेचे नाहीत. तीन तारे आणि किनाऱ्यालगत, हे चार तारे आणि डोंगरावर यापेक्षा केव्हाही चांगलं.

*पार्किंग.* गाडी घेणार असाल तर अंगणात स्वतःची जागा हवी. स्प्लिट आणि डुब्रोव्निकमध्ये रस्त्यावरचं पार्किंग महाग आणि दुर्मीळ. त्या दोन शहरांत मुळात गाडी घेऊच नका, शहर सोडताना घ्या.

६. हॉटेल की स्वयंपाकघराचं घर?

शाकाहारी कुटुंब असेल तर चर्चा नको, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. किनाऱ्यावरच्या खानावळींत मासे आणि मांस हेच मुख्य, शाकाहाऱ्याच्या वाट्याला पिझ्झा, पास्ता, रिझोटो, भाजलेल्या भाज्या आणि चीज. चार दिवस ठीक, पुढे वरण-भात आठवतो. रिझोटो मागवताना तो माशांच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेला नाही ना, तेही विचारावं लागतं. मासे-मांस खाणाऱ्यांची मात्र चैन आहे.

तांदूळ, मसूर, काबुली चणे, दही, बटाटे, टोमॅटो सगळं तिथल्या दुकानात मिळतं. सकाळच्या मंडईत अंजीर आणि भाज्या ताज्या असतात, दुपारनंतर तिथे काही उरत नाही. घरून नेण्यासारखं म्हणजे मसाले, हिंग, डाळ आणि पोहे, सीलबंद पाकिटांत. तूप, पेढे, पनीर, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

कुकर न्यायचा विचार असेल तर आधी शेगडी कोणती ते विचारा. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचाच हवा. साधी विजेची तबकडी असेल तर कोणताही चालतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा गजर असलेली घरं असतात.

आणखी एक खाचखळगा रविवारचा. १ जुलै २०२३ पासून क्रोएशियात दुकानांना वर्षातले १६ रविवारच उघडता येतात. पर्यटनाच्या गावातली दुकानं हे रविवार उन्हाळ्यात वापरतात, पण जून किंवा सप्टेंबरात शनिवारी संध्याकाळी किराणा भरून ठेवलेला बरा.

हॉटेल कोणी घ्यावं? दोघंच असाल, तीन-चार रात्री असतील, नाश्ता तयार हवा असेल, किंवा सोबतच्या वडीलधाऱ्यांना लिफ्ट लागत असेल तर.

७. घरमालकाला विचारण्याचे प्रश्न

बुकिंगआधी एकाच संदेशात हे विचारा, उत्तर लेखी मिळेल असं:

- बस थांबा किंवा बंदरापासून घरापर्यंत किती पायऱ्या आहेत?
- प्रत्येक शयनगृहात एसी आहे का?
- किल्ली कोण आणि किती वाजेपर्यंत देतं? विमान रात्री उतरलं तर?
- शेवटच्या दिवशी बॅगा ठेवता येतील का?
- कपडे धुण्याचं यंत्र आपल्याच घरात की सामायिक?
- पुरुषभर लांबीचे, नीट निजता येईल असे पलंग किती?
- सफाईचे वेगळे पैसे आहेत का?

उत्तर कसं येतं यावरूनही माणूस कळतो. पायऱ्यांचा आकडा सरळ सांगणारा मालक बाकीच्या गोष्टींतही सरळ असतो. ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच लिहिणारा सोडून द्या.

८. पैसे

क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो, जुन्या लेखांतले ‘कुना’ या आधीच्या चलनातले दर विसरा. थेट घरमालकाकडून घर घेतलं तर साधारण ३० टक्के आगाऊ आणि उरलेलं पोहोचल्यावर, अनेकदा रोख. रोख लागणार का ते आधी विचारा. लहान बेटावर एकच एटीएम असतं, आणि एटीएमने ‘रुपयांत आकारू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, युरोतच काढा.

परवाना असलेल्या घराच्या दर्शनी भागावर प्रकार आणि तारे लिहिलेली निळी पाटी असते. फोटोत ती दिसत नसेल तर मागा. संकेतस्थळावर घर दाखवून ‘तिथे नको, थेट बँकेत पूर्ण रक्कम भरा, सवलत देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. हंगामाच्या तोंडावर खोट्या घरांच्या जाहिराती येतात, फोटो दुसऱ्याच घराचे असतात.

पर्यटन कर माणशी दर रात्रीचा असतो, साधारण दीड ते अडीच युरो, गाव आणि हंगामाप्रमाणे. १२ वर्षांखालच्या मुलांना माफ, १२ ते १८ वयाला निम्मा. हॉटेलात तो बिलात वेगळा दिसतो, खासगी घरात बहुधा भाड्यातच धरलेला असतो.

९. व्हिसा आणि कागदपत्रं

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सर्वाधिक रात्री आहेत. समान असतील तर ज्या देशात पहिल्यांदा उतरता तिथे. इटलीत तीन आणि क्रोएशियात सात रात्री असतील तर अर्ज क्रोएशियाकडेच, म्हणजे मुक्कामाचा हिशेब व्हिसाआधी ठरायला हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण उशिरात उशिरा प्रवासाच्या १५ दिवस आधी. व्हिसा शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, त्याखाली नाही.

लागणारे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने मुदत, दोन कोरी पानं
- मुक्कामाची पुष्टी, प्रत्येक रात्रीची, आणि सगळ्या प्रवाशांची नावं असलेली
- विमानाचं आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- बँकेचं विवरणपत्र, आयकर विवरण, नोकरीचं व रजेचं पत्र किंवा व्यवसायाचे कागद
- ठरावीक मापाचे फोटो
- गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना

मुक्कामाच्या कागदात दोन चुका नेहमी होतात. घर एकाच्या नावावर बुक होतं आणि बाकीच्यांची नावं कुठेच नसतात. मालकाकडून किंवा संकेतस्थळावरून ती घालून घ्या. दुसरी, रात्रीच्या बसची किंवा बोटीची एखादी रात्र रिकामी राहते. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द होणारंच बुकिंग घ्या, रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची असावी. नंतर घर बदललंत तर नव्या बुकिंगची छापील प्रत जवळ ठेवा, विमानतळावर विचारू शकतात.

आता एक सापळा जो खास या किनाऱ्याचा आहे. डुब्रोव्निकहून माँटेनेग्रोतलं कोटोर आणि बोस्नियातलं मोस्तार या एक दिवसाच्या सहली सर्रास विकल्या जातात. दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर गेलात की क्रोएशियात परतता येत नाही, आणि बॅगा डुब्रोव्निकच्या घरात! अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, आणि मिळाला तरी त्या देशांचे भारतीयांसाठीचे नियम तपासूनच जा. स्प्लिट-डुब्रोव्निक रस्त्यातही बोस्नियाचा नेउम हा किनारपट्टीचा तुकडा मध्ये येतो. २६ जुलै २०२२ ला पेल्येशात्सचा २,४०४ मीटर लांबीचा पूल सुरू झाल्यापासून तो टाळता येतो. बसचं तिकीट काढताना ती पुलावरून जाते ना, हे विचारा, आणि स्वतः गाडी चालवत असाल तर मोबाइलने नेउमचा रस्ता सुचवला तर बदला.

१०. पोहोचल्यावर

घरमालक पासपोर्ट मागेल. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद सरकारी प्रणालीत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. फोटो काढून किंवा नोंद करून पासपोर्ट लगेच परत घ्या.

बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं द्या: सगळे एसी चालू करून बघा, नळाला गरम पाणी येतंय का, शेगडी पेटते का, वायफाय शयनगृहात पोहोचतो का. भिंतीवरचा डाग किंवा तुटलेली खुर्ची दिसली तर तेव्हाच फोटो काढून मालकाला पाठवा. संडासात जेट नसतो, एक प्लॅस्टिकचा मग किंवा प्रवासी जेट घरूनच न्या. प्लगसाठी युरोपीय दोन गोल पिनांचा अडॅप्टर लागेल, आपला तीन पिनांचा तिथे बसत नाही.

पोहण्याच्या कपड्यांवर जुन्या शहरात फिरू नका, स्प्लिट आणि ह्वारमध्ये त्यासाठी दंड आहे. आणीबाणीचा क्रमांक ११२. बेटावर असाल तर बेट सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या बोटीची वेळ खिडकीवर विचारून या, आणि गाडी असेल तर तिकीट असूनही रांगेत किती आधी लागावं लागेल तेही त्याच माणसाला विचारा. ऑगस्टमधल्या शनिवारी उत्तर ‘दोन तास’ येऊ शकतं.